लेक थेट इयर 10 ला आली, इंग्लिश लिटरेचरला 3 पडलाय, काय करू?

रेडिंगची_आई:
नमस्कार मंडळी. आम्ही गेल्या ऑगस्टमध्ये पुण्याहून इंग्लंडमध्ये रेडिंगला आलो आणि लेक थेट इयर 10 ला (आपली नववी) बसली. तिकडे सेमीला होती, इंग्लिशमध्ये कायम पहिल्या दोघा-तिघांत, ग्रामर एकदम पक्कं. इथे आल्यावर कळलं की इंग्लिशचे दोन वेगळे जीसीएसई (आपल्या दहावीसारखी बोर्डाची परीक्षा, ग्रेड 1 ते 9, 9 सगळ्यात वरचा) असतात, लँग्वेज वेगळं नि लिटरेचर वेगळं. परवाच्या मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, लँग्वेजला 5 आला पण लिटरेचरला 3. पेपर घरी आणलाय, मॅकबेथवर चांगली साडेतीन पानं लिहिलीयेत, स्पेलिंगची एक चूक नाही, आणि टीचरने जवळजवळ प्रत्येक पॅराशेजारी एकच शेरा मारलाय, गोष्ट सांगू नकोस. ती रडकुंडीला आलीये, म्हणते आई सगळं बरोबर लिहिलंय मग मार्क गेले कुठे. मला शेक्सपिअरचं ओ की ठो कळत नाही त्यामुळे मी काय सांगणार कप्पाळ. ट्यूशन लावू का? आणि घरी मराठीतून समजावलं तर चालतं की उलट गोंधळ होतो? परीक्षा घेणारं बोर्ड एक्यूए आहे.

लेस्टरचा_मास्तर:
ताई, आधी पोरीला शांत करा, फायनलला अजून वर्ष आहे. मी इथे सेकंडरीला इंग्लिशच शिकवतो, तिकडून आलेल्या हुशार मुलांचं हमखास हेच होतं. आपल्याकडे धड्यात काय आहे ते नीट सांगितलं की मार्क मिळतात. इथे परीक्षकाने नाटक वाचलंय हे धरूनच चालायचं, त्याला हवं असतं की लेखकाने हे असंच का लिहिलं.

आता बघा, लेडी मॅकबेथ नवऱ्याला सांगते की वरून निरागस फुलासारखा दिस पण त्याखालचा साप हो. तुमची लेक बहुतेक पुढे लिहीत असेल की मग डंकन राजा आला, जेवला, रात्री त्याला मारला वगैरे. ते सगळं सोडायचं आणि त्या सापापाशीच थांबायचं. साप का? तेव्हाच्या प्रेक्षकाला लगेच बायबलमधला साप, ईव्ह आणि ॲडम आठवणार, म्हणजे बाईच्या नादाने पुरुष पापात पडला ती गोष्ट. शिवाय दिस आणि हो, दोन्ही हुकूम आहेत, म्हणजे या घरात चालतंय कुणाचं ते बघा. आणि 1605 ला राजा जेम्ससकट पार्लमेंट उडवायचा कट पकडला गेला होता, त्यानंतर लगेचचं हे नाटक, राजाचा खून हा काही नुसता कथेचा विषय नव्हता. एवढं एका पॅरात आलं की झालं. नुसतं 'इथे मेटाफर (रूपक) आहे' लिहून पुढे पळणाऱ्याला काही मिळत नाही, मेटाफरने काय साधलं ते लिहायला हवं.

त्या प्रश्नाला 30 मार्क असतात आणि वर 4 स्पेलिंग-पंक्च्युएशनचे, ते 4 तिच्या खिशात आहेतच.

हॅरोवाली:
ट्यूशनबद्दल माझं मत नको असंच आहे. आम्ही मोठ्याला लावली होती तर बाई तयार निबंध द्यायच्या आणि हा घोकायचा, प्रश्न जरा फिरवून आला की गप्प. पण पाठांतराला नावं नका ठेवू हं कोणी! परीक्षेत पुस्तक न्यायला देत नाहीत. मॅकबेथचा उतारा छापून येतो खरा, पण बाकी नाटकातलं डोक्यातूनच काढावं लागतं. कवितांचं तर आणखी अवघड, 15 कविता असतात, एक छापून देतात आणि तुलनेला दुसरी आपली आपण आठवायची. पाढे पाठ केलेली आपली पोरं इथे भारी पडतात. फक्त लांबलचक ओळी नकोत, तीन-चार शब्दांचे तुकडे पाठ करायचे. मी फ्रिजवर चिकटवून ठेवायचे, दूध काढताना वाच.

इयर11_वैतागलेला:
काकू माझ्याकडून पण ऐका, लँग्वेजला 5 आहे म्हणून ते सोडून देऊ नका, सगळे तिथेच गंडतात. दोन पेपर, 80-80 मार्कांचे, प्रत्येकात अर्धे म्हणजे 40 मार्क एकाच लिहायच्या प्रश्नाला आणि आमच्या वर्गातली निम्मी पोरं तिथे पोचेपर्यंत पाऊण तास सुद्धा उरलेला नसतो. आणि गोष्ट लिहायला घेतली की ॲक्सिडंट, किडनॅपिंग, शेवटी स्वप्न होतं 🤦 सर म्हणतात एकच जागा घ्या, बसस्टॉप घ्या पावसातला, आणि दहा मिनिटांत तिथे काय होतं तेवढंच लिहा. मला 4 वरून 6 झाला त्याने.

रेडिंगची_आई:
खूप खूप आभार सगळ्यांचे. मास्तर, म्हणजे सिक्स्थ फॉर्मला (आपली अकरावी-बारावी) लिटरेचर नाही आलं तर अडतं का? आणि मराठीचं राहिलंच.

लेस्टरचा_मास्तर:
अडतं ते जास्त करून लँग्वेजवर. तिथे 4 च्या खाली गेलं तर वयाच्या 16 नंतरही ते करत राहावं लागतं. लिटरेचर मात्र तिला पुढे इंग्लिश किंवा हिस्टरी ए लेव्हलला घ्यायचं असेल तर उपयोगी पडेल, शाळेची अट काय आहे ते विचारून ठेवा.

मराठीतून बिनधास्त बोला हो! लेडी मॅकबेथ दुष्ट की नवराच मुळात हावरट, यावर जेवताना मराठीत कडाकडा भांडा, विचार तिथेच तयार होतो. मग त्यातला एकच मुद्दा घेऊन लगेच सात-आठ ओळी इंग्लिशमध्ये लिहायला लावा, पूर्ण निबंध नको. मुद्दा, त्याला नाटकातले शब्द, मग त्यावर दोनदा 'का'. दोनदा म्हणतोय, कारण पहिल्या 'का'ला सगळे सारखंच लिहितात.

रेडिंगची_आई:
भांडायला आमच्याकडे कारण लागत नाही 😄 तिच्या वहीवर कवितांच्या संचाचं नाव पॉवर अँड कॉन्फ्लिक्ट लिहिलंय, तेच ना?

हॅरोवाली:
हो तेच. बऱ्याच शाळा तेच घेतात. ओझिमँडियसपासून सुरू करा, 14 ओळींचीच आहे, आणि राजाचा गर्व म्हटला की मॅकबेथ डोक्यात असतोच.