होल्यांच्या शिकारीसाठी घरीच डिकॉय (पक्ष्यांना भुलवायला ठेवतात ते खोटे पक्षी) कसे बनवायचे?

रानवेडा: विकतचे डिकॉय नकोत, जाड फोमशीटमधून होल्याचा आकार कापून रंगवलाय पण पक्षी लांबूनच वळसा घालून जातात, काय चुकतंय?

जुगाडू: रंग चकाकतोय का बघा आधी. ऑइलपेंट असेल तर उन्हात चमकतो आणि होले लगेच बिचकतात, बारीक सँडपेपर फिरवून वर मॅट करडा रंग द्या. आणि पोटाखाली कपड्याचा चिमटा चिकटवा, म्हणजे पानं नसलेल्या सुक्या फांदीवर उंच लावता येतात, होले अशाच उघड्या जागी बसतात. तोंड वाऱ्याकडे ठेवा हां, पक्षी वाऱ्याला छाती देऊनच बसतो, उलटा बसवलेला खोटाच वाटतो.

माळरान: डिकॉयपेक्षा तुम्ही किती हलता ते जास्त नडतं राव. जुनी बादली पालथी घाला, वर फोमचा तुकडा, झालं स्टूल. झाडाच्या सावलीत बसा, आत काडतुसं, पाणी सगळं मावतं.

जुगाडू: अहो पालथी घातली तर आत काय मावणार 😄 झाकणाची घ्या, झाकणावर फोम चिकटवा.

रानवेडा: ऑइलपेंटच आहे माझा! आजच घासतो.