शंख न फुंकणारा राल्फ भित्रा होता का?

हरमलचा वाचक
काल इथे एकाने लिहिलं की विल्यम गोल्डिंग यांच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या, निर्जन बेटावर अडकलेल्या शाळकरी मुलांच्या कादंबरीतला राल्फ डळमळीत पुढारी आहे आणि स्वतःवर भरवसा नसलेल्याने पुढे व्हायचंच नाही. वाचल्यापासून डोक्यात घोळतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

राल्फ बारा वर्षांचा आहे. मुलांनी त्याला निवडलं ते तो शांत, देखणा आणि हातात शंख असलेला म्हणून. हा शंख फुंकला की पोरं सभेला जमतात. विचार करणारं डोकं त्याच्या सोबत्याचं, पिगीचं आहे, हे कोणालाच कळलेलं नसतं. पाचव्या प्रकरणात सभेआधी राल्फ पाण्याकाठच्या घट्ट वाळूवर एकटाच चालतो. त्याच दिवशी जहाज दिसून निघून गेलंय, कारण शिकाऱ्यांचा म्होरक्या जॅक याने जहाजांना धूर दिसावा म्हणून पेटवलेल्या जाळावरची पोरं शिकारीला नेली आणि जाळ विझला. चड्डीची फाटकी कड मांडीला घासतेय, केस डोळ्यांवर येताहेत, आणि चालताना त्याला उमगतं की आपल्याला पिगीसारखा विचार करता येत नाही. हे कळणं म्हणजे दुबळेपणा? जॅकला अख्ख्या पुस्तकात स्वतःबद्दल असं काही कधी कळतं का?

फोंड्याचा माजी कॅडेट
ती पोस्ट माझीच, आणि मी शब्द मागे घेत नाही. त्याच प्रकरणाचा शेवट वाचा. सभा उधळते, पोरं अंधारात ओरडत पळतात. पिगी विनवतो, शंख फुंक. राल्फ म्हणतो, फुंकला आणि ती आली नाहीत तर सगळं संपलं. झालं, बेट हातचं गेलं ते तिथे.

शाळेत असताना आमच्या शिबिरात पावसात वाट चुकली. सोबत चौदा लहान पोरं, ओहोळाला पाणी चढलेलं. वाट मलाही ठाऊक नव्हती. मी खणखणीत आवाजात “चला” म्हटलं आणि पुढे झालो. तासाभरात डांबरी रस्ता लागला. तेव्हा मी चाचरलो असतो तर ती पोरं तिथेच बसून रडली असती.

डिचोलीची शिक्षिका
म्हणजे शंका तुम्हालाही होती, तुम्ही ती पोटात ठेवलीत. राल्फने वेगळं काय केलं? नेतेपद सोडावं असं तो म्हणतो ते पिगी आणि सायमन या दोन सोबत्यांपुढेच. पिगीला धडकी भरते, कारण राल्फ हटला तर जॅक आपलं काय करील हे तो जाणून आहे. सायमन म्हणतो, तूच नेता राहा. लहानग्यांपुढे राल्फ मोडलेला दिसत नाही. शिवाय तुम्हाला रस्ता लागला म्हणून ही गोष्ट आज सांगता येते. ओहोळ आणखी चढला असता तर?

फोंड्याचा माजी कॅडेट
“असता तर” वर चर्चा होत नाही, बाई.

मोरजीचा रापणकर
मी कॅडेटच्या बाजूने. आमचा आजा रापणीचा, म्हणजे काठावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, तांडेल म्हणजे म्होरक्या. पाण्याचा रंग कुठे काळसर झाला, पक्षी कुठे झेपावले, हे काठावरून बघून तो हात वर करायचा. मग होडी जाळं टाकत अर्धवर्तुळ घ्यायची आणि दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढायची. आजा अंथरुणाला खिळल्यावर काका तांडेल झाला. तीन दिवस जाळं रिकामं आलं. चौथ्या दिवशी त्याने हात अर्धा वर नेला आणि खाली घेतला. माणसं दोर धरून त्याच्या तोंडाकडे बघत उभी. तासाभराने शेजारच्या रापणीत बांगडा भरून आला. त्यानंतर काकाचं कोणी ऐकलं नाही. शंका पोटात ठेवा नाहीतर आणखी कुठे, हात खाली आला की माणसं गेली.

बेतूलचा मच्छीमार
तुमच्या काकाचं काय चुकलं? मासळी राहिलीय कुठे? सत्तरच्या दशकात रापणकर ट्रॉलरविरुद्ध रस्त्यावर उतरले ते हौस म्हणून नव्हे. आता समुद्रात एलईडीचे झोत सोडून मासळी गोळा करतात. बंदी आहे, तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद म्हणून आम्ही होड्या वर ओढून बसतो आणि नंतर जाळ्यात येतो कचरा. काठावरचा तांडेल कितीही ठाम असला तरी रिकाम्या पाण्यात काय बघणार?

मोरजीचा रापणकर
शेजारच्यांना बांगडा मिळाला ना? मग समुद्र रिकामा कसा?

बेतूलचा मच्छीमार
एक दिवस मिळाला. वर्षाचा हिशेब मांडा ना! तुमच्यासारखे लोक घरच्याच माणसाला दोष देतात, म्हणून ट्रॉलरवाल्यांचं फावतं.

मोरजीचा रापणकर
माझ्या घरच्यांबद्दल तुम्ही बोलू नका. त्या काकाला शेवटपर्यंत मी सांभाळलंय.

हरमलचा वाचक
दोघांनीही आवरा. पण बेतूलकरांनी नकळत माझाच मुद्दा मांडलाय. पोरं राल्फला सोडून जातात ती त्याच्या शंकेमुळे नव्हे. जॅक सगळ्यांसमोर विचारतो, राल्फ नेता नको असं कोणाला वाटतं, तेव्हा एकही हात वर होत नाही. तोच रडत निघून जातो. नंतर पोरं त्याच्याकडे सरकतात, कारण त्याच्याकडे डुकराचं मांस आहे आणि रात्रीच्या भीतीवर नाच आहे. राल्फकडे धूर आणि काम. पाणी आधीच उपसलेलं होतं.

डिचोलीची शिक्षिका
शंख न फुंकण्याबद्दलही सांगते. त्या शंखात ताकद एवढीच की तो वाजला की पोरं येतात. एकदा वाजून कोणी आलं नाही तर उरतो शिंपला. हे राल्फला कळलं होतं. गोल्डिंग यांनी महायुद्धात नौदलाची नाव सांभाळली आणि शाळेत मुलांना शिकवलं. हुकूम कधी रिकामा पडतो हे त्यांना ठाऊक असणारच.

फोंड्याचा माजी कॅडेट
मग पॅसिफिकमधल्या टोंगाच्या खऱ्याखुऱ्या पोरांचं काय? १९६५ साली सहा मुलं अटा बेटावर अडकली, पंधरा महिने राहिली. पाळ्या लावून जाळ पेटता ठेवला, एकाचा पाय मोडला तो बसवला. तिथे कोणी “मला जमेल का” म्हणत बसलं नाही.

डिचोलीची शिक्षिका
ती आधीपासूनची दोस्त होती, सहाच होती, आणि कामं वाटून घेत होती. एकट्याच्या डोक्यावर बेट नव्हतं. राल्फला शेवटी शेवटी जाळ कशासाठी हेच आठवत नाही, डोक्यात पडदा ओढल्यासारखं होतं, आणि “सुटका” हा शब्द पिगीला पुरवावा लागतो. एवढं ओझं बाराव्या वर्षी कोणी पेललंय?

फोंड्याचा माजी कॅडेट
पडद्याचं ते मी विसरलो होतो. मान्य, पाळ्या लावणारं कोणी त्याच्याजवळ नव्हतं.

हरमलचा वाचक
आणि शेवटचं पान? नौदलाचा अधिकारी विचारतो, इथला प्रमुख कोण. पिगी मेलाय, शंखाचा चुरा झालाय, तासाभरापूर्वी सगळं बेट राल्फच्या जिवावर उठलं होतं. जॅक पुढे यायला निघतो आणि थबकतो. राल्फ मोठ्याने म्हणतो, मी.

फोंड्याचा माजी कॅडेट
हो, तिथे तो डगमगत नाही. शंख मात्र फुंकायला हवा होता.