अमेरिकेच्या संस्थापकांपैकी तुमचा आवडता कोण? माझे मत जॉन ॲडम्सला

काळा कोट :

अमेरिकेच्या संस्थापकांचा विषय आपल्याकडे निघाला, की वॉशिंग्टन, जेफरसन आणि फ्रँकलिन या तीन नावांपुढे गाडी सहसा सरकत नाही. मी तालुक्याच्या न्यायालयात बावीस वर्षे फौजदारी वकिली करतो आहे, त्यामुळे माझी निवड पेशाला धरून आहे, हे आधीच सांगून टाकतो.

५ मार्च १७७० च्या रात्री बोस्टनमध्ये जकात कचेरीसमोर पहाऱ्यावर असलेल्या एका ब्रिटिश शिपायाभोवती जमाव गोळा झाला. त्याच्या मदतीला कॅप्टन प्रेस्टन काही शिपाई घेऊन आला, बर्फाचे गोळे आणि सोटे फेकले जाऊ लागले, गोळ्या सुटल्या आणि त्यात पाच माणसे दगावली. शहरात फौजेविषयी इतका संताप होता, की आरोपींचे वकीलपत्र घ्यायला माणूस मिळेना. स्टॅम्प कायद्याविरुद्ध लेखणी चालवलेल्या, म्हणजे ब्रिटिश धोरणाच्या विरोधकांतच गणल्या जाणाऱ्या ॲडम्सने ते घेतले. महिन्यापूर्वीच त्याची वर्षाची मुलगी गेली होती आणि पत्नी अबिगेल पुन्हा गरोदर होती. त्याच्याबरोबर उभा राहिलेला तरुण वकील जोसाया क्विन्सी याला खुद्द वडिलांनी पत्र लिहून जाब विचारला. आणि गंमत अशी, की याच क्विन्सीचा सख्खा भाऊ सरकार पक्षातर्फे खटला चालवत होता. शेवटी प्रेस्टन सुटला, आठ शिपायांपैकी सहा निर्दोष ठरले आणि उरलेले दोघे सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरून, फाशीऐवजी अंगठ्यावर डाग घेऊन बाहेर पडले.

अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असे ठराव आपल्याकडच्या वकील संघटनाही अधूनमधून करतात. असे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१० साली स्पष्टपणे सांगावे लागले. असा एक ठराव होताना मी सभागृहात बसलो होतो आणि हात वर केला नसला, तरी विरोधात उठून बोललोही नव्हतो. ज्या गावात राहायचे, त्याच गावाच्या रागासमोर उभे राहणे किती अवघड असते, हे मला त्या दिवशी कळले. म्हणून ॲडम्स.

टपालपेटी :

वकीलसाहेब, प्रसंग मोठा आहे, परंतु एका खटल्यावरून देशाच्या संस्थापकाची निवड करणे मला पटत नाही. शिवाय तुम्ही एक गोष्ट वगळली आहे. वकीलपत्र घेतल्यानंतर तीनच महिन्यांनी, म्हणजे खटले उभे राहण्याच्याही आधी, त्याच बोस्टनने ॲडम्सला प्रांताच्या विधिमंडळावर निवडून दिले होते. तेव्हा गावाचा राग आपण समजतो तेवढा टिकलेला नसावा.

मी टपाल खात्यातून निवृत्त झालो असल्यामुळे माझा कल फ्रँकलिनकडे असणार, हे उघड आहे. दहाव्या वर्षी शाळा सुटलेल्या या माणसाने १७३१ मध्ये फिलाडेल्फियात वर्गणीवर चालणारे ग्रंथालय काढले, १७३६ मध्ये आग विझवणारे स्वयंसेवकांचे पथक उभे केले आणि १७५१ मध्ये रुग्णालयाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. वीजरोधक दांड्याचे पेटंट त्याने घेतले नाही. मात्र मला सर्वांत भावते ते त्याचे मृत्युपत्र. विजेवरच्या प्रयोगांनी युरोपभर नाव झालेला आणि फ्रान्सला अमेरिकेच्या बाजूने युद्धात उतरवणारा हा मुत्सद्दी त्या कागदाची सुरुवात ‘मी, बेंजामिन फ्रँकलिन, मुद्रक’ अशी करतो, आणि धंदा सांगून झाल्यावरच पदाकडे वळतो. पुढे पुरवणीत बोस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांना प्रत्येकी १००० पौंड ठेवून, त्यातून उमेदवारी पुरी केलेल्या तरुण कारागिरांना पाच टक्के व्याजाने भांडवल द्यावे आणि हा निधी दोनशे वर्षे चालवावा, अशी तजवीज त्याने केली. तो निधी खरोखरच १९९० पर्यंत चालला.

निळी शाई :

मी जेफरसनची बाजू मांडतो, आणि त्याला आपल्या घरातले कारण आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी जेफरसनचा दाखला दिला होता. प्रत्येक पिढी हे जणू स्वतंत्र राष्ट्र असते आणि बहुमताने स्वतःला बांधून घेण्याचा अधिकार तिला असला, तरी पुढच्या पिढीला बांधण्याचा अधिकार नसतो, हा तो विचार. हा विचार करणारा जेफरसन १७८७ मध्ये फिलाडेल्फियात संविधान लिहायला हजरही नव्हता. तो पॅरिसमध्ये वकिलातीवर होता. तरीही दीडशेहून अधिक वर्षांनी दिल्लीत आपले संविधान पुरे होत असताना आठवण झाली ती त्याची. ॲडम्सचा कोणता विचार एवढा दूर पोहोचला?

माजघर :

विचार पोहोचला, हे मान्य आहे. मात्र जानेवारी १८२७ मध्ये, म्हणजे जेफरसन गेल्यावर सहा महिन्यांनी, त्याचे कर्ज फेडण्यासाठी मॉन्टिचेलो या त्याच्या जमीनदारीवर १३० गुलामांचा लिलाव पुकारला गेला, हेही त्याच माणसाच्या खात्यावर लिहावे लागेल. पुढच्या पिढीला बांधू नये, हे तत्त्व त्या १३० जणांच्या लेकरांना लागू नव्हते. आयुष्याच्या अखेरीस, फेब्रुवारी १७९० मध्ये, गुलामगिरीविरोधी अर्जावर सही करून तो काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, पाठवणाऱ्या फ्रँकलिननेही तरुणपणी गुलाम बाळगले होते आणि पळालेल्या गुलामांच्या जाहिराती आपल्या वर्तमानपत्रात छापल्या होत्या. ॲडम्सने मात्र कधीही गुलाम ठेवला नाही, हा त्याचा गुण मी मोजते.

तरीही वकीलसाहेबांनी तो खटला जरा अधिक जवळून पाहावा, असे वाटते. गोळीबारात मेलेल्यांत क्रिस्पस ॲटक्स होता, आफ्रिकी आणि मूलनिवासी वंशाचा. ॲडम्सने ज्यूरीपुढे त्या जमावाचे वर्णन आगाऊ पोरे, काळे, मिश्रवंशीय, आयरिश आणि परमुलखातले खलाशी यांची भेसळ असे केले, आणि ॲटक्सचे नुसते रूपच माणसाला घाबरवायला पुरेसे होते, असेही सांगितले. अशिलाला सोडवण्यासाठी मेलेल्याच्या रंगावर बोट ठेवणे ही युक्ती आजच्या न्यायालयांतही अनोळखी नाही. तिला धैर्य म्हणावे का, हे आपणच सांगा. आणि ३१ मार्च १७७६ च्या पत्रात, नवे कायदे करताना स्त्रियांची आठवण ठेवा, असे अबिगेलने लिहिले, तेव्हा या तत्त्वनिष्ठ नवऱ्याचे उत्तर होते की आपल्याला हसू आवरत नाही.

काळा कोट :

माजघर यांचा मुद्दा मला लागला आणि त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. ते भाषण मी वाचलेले आहे. बचाव स्वसंरक्षणाचा होता, त्यामुळे जमाव भयंकर वाटत होता हे दाखवणे वकिलाला भाग होते, एवढेच मी म्हणेन. त्यासाठी ॲटक्सच्या रूपावर जाण्याची गरज नव्हती, हेही मान्य करतो.

टपालपेटी यांच्या तारखा बरोबर आहेत. परंतु निकाल काय लागेल आणि गाव तो कसा घेईल, हे वकीलपत्र घेण्याच्या क्षणी ठाऊक नसते. माणसाची पारख त्याच क्षणी होते, असे मी मानतो. आणि माझी निवड या एकाच प्रसंगावर उभी नाही. राष्ट्राध्यक्ष असताना ॲडम्सचा स्वतःचा पक्ष फ्रान्सशी युद्धाला आतुर झाला होता. त्याने पक्षाला न जुमानता वाटाघाटींसाठी माणसे पाठवली, १८०० मध्ये तह केला, पक्ष फुटला आणि निवडणूक हातची गेली. फ्रान्सशी तह करण्याची जबाबदारी ज्याने स्वतःवर घेतली तो जॉन ॲडम्स इथे आहे, एवढेच आपल्या थडग्यावर लिहावे, असे त्याने म्हातारपणी एका पत्रात म्हटले होते. बोस्टनमध्ये शहराचा रोष, इथे पक्षाचा; माणूस तोच.

निळी शाई :

त्याच माणसाने १७९८ मध्ये सरकारवर टीका करणाऱ्यांना तुरुंगात टाकणाऱ्या राजद्रोहाच्या कायद्यावर सही केली, तिचे काय? ॲडम्सला डामडौलाची हाव आहे, असे लिहिल्याबद्दल व्हरमाँटचा काँग्रेस सदस्य मॅथ्यू लायन याला चार महिने कैद आणि १००० डॉलर दंड झाला. मतदारांनी त्याला तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिले. पुढे फेब्रुवारी १८०१ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतली जेफरसन आणि ॲरन बर यांच्यातली मतांची बरोबरी प्रतिनिधीगृहात सुटता सुटेना, तेव्हा छत्तिसाव्या फेरीत व्हरमाँटचा दुसरा सदस्य बाजूला झाला आणि त्या राज्याचे मत जेफरसनच्या पारड्यात टाकले ते याच लायनने.