रात्री दोनला स्क्रिप्ट गप्प का?

मंडळी, नमस्कार.
सध्या मुक्काम सांगली. आजोबांच्या हळदीच्या अडतीच्या चोपड्या स्कॅन करतेय. हरिपूरच्या पेवात (हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात) कुणाची किती पोती, सगळं मोडीत. 2019च्या पुरात कपाटाचा खालचा कप्पा भिजला, तिथली पानं एकमेकांना चिकटलीत, उलथन्यासारखी पट्टी घालून सोडवावी लागतात. दिवसाला 40 पानं होतात. एकेक टिफ (स्कॅनची चित्र-फाइल) 50 एमबीच्या वर. ती मंडळाच्या जर्मनीतल्या सर्व्हरवर जावीत म्हणून आरसिंकची (फाइली दुसऱ्या मशीनवर पाठवणारा प्रोग्राम) स्क्रिप्ट लिहिली आणि क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, रात्री 2ची वेळ टाकली. हाताने चालवली की सुरळीत जाते. रात्री मात्र लॉगची फाइलसुद्धा बनत नाही. आई म्हणते, मग दोनला उठून तूच का नाही पाठवत?
– ताई

ताई,
लॉगच्या नावात तारीख घातलीयस ना? क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, टक्क्याचं चिन्ह (%) आलं की क्रॉनच्या लेखी कमांड तिथंच संपते, पुढचं सगळं तो इनपुट म्हणून ढकलतो. तारखेसाठी उघडलेला कंस मिटतच नाही, मग शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) रुसतो. टक्क्याआधी उलटा तिरका दंड (\) दे. मी तर क्रॉनच्या ओळीत नुसतं स्क्रिप्टचं नाव ठेवतो, बाकीचा संसार स्क्रिप्टच्या पोटात.
– काका

काका, टक्काच होता! लॉग आला. पण आत 'पर्मिशन डिनाइड'. दिवसा हीच स्क्रिप्ट, सर्व्हरवर शिरायची हीच किल्ली (एसएसएच की).
– ताई

अगं, दिवसा तू किल्लीचा पासफ्रेज (तिचा पासवर्ड) एकदा टाकतेस, मग एसएसएच-एजंट नावाचा प्रोग्राम किल्ली उघडून हाताशी ठेवतो. क्रॉनला तो एजंट दिसत नाही, आणि रात्री पासफ्रेज टाकायला कोण बसलंय? या कामापुरती वेगळी, बिनपासफ्रेजची किल्ली कर. पण अशी किल्ली मोकाट सोडू नकोस. सर्व्हरवरच्या किल्ल्यांच्या यादीत तिच्या ओळीआधी आरआरसिंकची (किल्लीला फक्त आरसिंकपुरतं बांधणारी स्क्रिप्ट) अट घाल: फक्त चोपड्यांच्या फोल्डरमध्ये, तेही फक्त लिहायला. लॅपटॉप हरवला तरी त्या किल्लीने दुसरीकडे कुठे शिरता येणार नाही. स्क्रिप्टमध्ये एसएसएचचा बॅचमोड हा पर्यायही चालू ठेव, म्हणजे ती पासवर्डसाठी ताटकळत बसणार नाही.
आणि सांगलीत लाइट जाते म्हणतेस. राउटर बंद, लॅपटॉप बॅटरीवर: आरसिंक सकाळपर्यंत वाट बघत बसेल. 300 सेकंदांचा टाइमआउट दे, म्हणजे तेवढा वेळ काही हललं नाही तर तो थांबेल. पार्शल हा पर्याय लावलास तर अर्धी गेलेली टिफ तो फेकून देणार नाही, उद्या तिथूनच पुढे.
– वहिनी

वहिनी, काल सव्वातीनला लाइट गेलीच. 31 पानं पोचली होती, उरलेली आज गेली. पण सर्व्हरवर 'चोपड्या'च्या आत आणखी एक 'चोपड्या'! सोर्सच्या, म्हणजे इकडच्या फोल्डरच्या, नावाशेवटचा तिरका दंड (/) विसरले, म्हणून आरसिंकने अख्खं फोल्डरच उचलून नेलं. निस्तरायला गेले तर नवी किल्ली आत घेईना, तिला फक्त आरसिंकने लिहायची मुभा ना! जुनीने आवरलं.
– ताई