मदत हवी आहे: मिशन दौऱ्यात दुभाष्यासह मुलांना गोष्ट कशी सांगावी?

परदेशातल्या मिशन दौऱ्यात वस्तीतल्या मुलांसाठी 5 दिवसांचं बायबल शिबिर आहे. वय 5 ते 12, रोज 2 तास. अडचण वेळेची. दुभाष्यामुळे प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं, म्हणून 15 मिनिटांची गोष्ट अर्ध्या तासावर जाते आणि मागची लहानगी चुळबुळ करू लागतात. गोष्ट कापावी, तर बायबलमधल्या उधळ्या पुत्राचं, म्हणजे बापाची संपत्ती उडवून बसलेल्या मुलाचं, घरी परतणं, बापाचं धावत येणं घाईत उरकतं, आणि तोच तर गाभा! दुभाष्याला गोष्ट आदल्या दिवशी लिहून द्यावी, की त्यालाच पूर्ण सांगू द्यावी आणि आपण चित्रं दाखवावीत?

शिवाय मोठी मुलं धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन येतात. हस्तकलेचे मणी तान्ह्यांच्या तोंडात गेले तर घशात अडकतील. मण्यांऐवजी काय न्यावं?