मदत हवी आहे: डीसीएम (डायक्लोरोमिथेन) सॉल्व्हंटऐवजी इथाइल ॲसिटेट, थरच सुटत नाहीत

रिॲक्टर_५केएल: कुरकुंभचा प्लांट. डीसीएम बंद करायचं वरून ठरलंय, म्हणून एक्स्ट्रॅक्शन (पाण्यातला माल सॉल्व्हंटमध्ये ओढणं) इथाइल ॲसिटेटमध्ये घेतोय. दोन तास सेटलिंग देऊनही दोन थरांमधला गढूळ पट्टा (रॅग लेयर) हलत नाही. बॅच अडकलीय, पटकन सांगा.

खटपट्या: पीएच? तापमान? माल अमाइन (अल्कधर्मी) की आम्ल? आणि डीसीएम खाली बसायचा, हा वर येतो. सवयीने तळाचा थर ठेवून वरचा सोडून देऊ नका म्हणजे झालं.

रिॲक्टर_५केएल: थर कळतात हो. कॉस्टिक सोड्याने पीएच १३, ४५ अंश. अमाइन.

कोथरूडकर: मग दुसरं काय होणार! इतक्या पीएचला एस्टर, म्हणजे इथाइल ॲसिटेट, फुटून इथेनॉल आणि सोडियम ॲसिटेट होतं. इथेनॉलमुळे थर आणखी मिसळतात, कॉस्टिकही खर्च होतं. प्राथमिक अमाइन असेल तर ॲसिटामाइडची अशुद्धी वेगळीच. पीकेएच्या (ज्या पीएचला निम्मा माल भारित असतो तो आकडा) दोन वर पीएच पुरतो. सोडियम कार्बोनेट वापरा, पण थोडं थोडं. आम्लात फेस उसळतो.

हरित_हट्टी: पीकेए १०च्या पुढे असेल तर कार्बोनेट कुचकामी. २-मिथाइल टीएचएफ हा सॉल्व्हंट घ्या, अल्कलीत टिकतो. बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) फर्फ्युरलपासून बनतो.

कोथरूडकर: आणि हवेने त्यात होणारे स्फोटक पेरॉक्साइड? डिस्टिलेशनमध्ये बीएचटी (पेरॉक्साइड रोखणारं द्रव्य) तळाशी राहतं, रिकव्हर्ड सॉल्व्हंट उघडा पडतो. शिवाय २० अंशाला पाण्यात १४ टक्के विरघळतो. ईटीपीवाले (सांडपाणी प्रक्रियावाले) धावून येतील.

हरित_हट्टी: बीएचटी परत घाला, प्रत्येक लॉट तपासा. थर ५० अंशाला वेगळे करा, विद्राव्यता जवळपास निम्मी होते.

उसाचा_फड: बगॅस? दौंडकडचे कारखाने आपल्याच बॉयलरला जाळतात, तुम्हाला कोण देतंय!

पाषाणवाला: इथाइल ॲसिटेटचा रिकव्हरीत पाण्याशी ॲझिओट्रोप (एकत्रच उकळणारं मिश्रण) होतो, ७०.४ अंशाला, सुमारे ८ टक्के पाणी. कोरडा सॉल्व्हंट हवा असेल तर नुसत्या साध्या कॉलमवर भागणार नाही.

खटपट्या: रिकव्हरी विचारलीय कुणी? इथाइल ॲसिटेटचा फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेऊ शकते ते तापमान) उणे ४ आहे, ते बोला. डीसीएमच्या काळातली मोटर फ्लेमप्रूफ आहे का? नायट्रोजन, अर्थिंग?

रिॲक्टर_५केएल: सगळं आहे. पीकेए ८.२. ढवळणी १२० आरपीएम.

कोथरूडकर: तर कार्बोनेटच, पुढच्या बॅचपासून. ही बॅच आधी २० अंशावर आणा, पातळ एचसीएलने हळूहळू पीएच १०.५ करा. पाण्याच्या थराच्या ५ टक्के मीठ. ढवळणी ४०वर. तरीही रॅग राहिला तर त्यात बारीक घन कण आहेत. तेवढाच भाग काढून फिल्टर एडच्या (गाळायला मदत करणाऱ्या पावडरच्या) थरातून गाळा. आधी एक लिटरच्या सिलिंडरमध्ये बघा.

रिॲक्टर_५केएल: कूलिंग चालू केलंय.