चिखलातली तुतारी: हिरवी की ठिपकेवाली?

पाणकाठ
दोन महिन्यांपूर्वी भावाने त्याचा निकॉन पी९५० कॅमेरा मला देऊन टाकला. तोवर माझं पक्षी बघणं म्हणजे दुर्बीण आणि वही. आता ८३ पट झूम हातात आलाय, तर फोटो काढू आणि निवांत ओळखू, असा हिशोब होता. तो साफ चुकला.

परवा तळ्याच्या चिखलात एकटीच तुतारी (पाणथळीत वावरणारा छोटा पक्षी), अंदाजे ५० मीटरवर. दुपारचे बारा. झूम पूर्ण ताणून, म्हणजे २००० मिमीवर, तीसेक फोटो काढले. कॅमेरा ट्रायपॉडवर होता, तरी सगळे पाण्याखालून काढल्यासारखे दिसतायत. पाठ गडद, पोट पांढरं, शेपटी सारखी खालीवर. ‘सामान्य तुतारी’ ही जात नव्हे, कारण खांद्यापुढे वर चढणारी पांढरी पाचर नाही. पायांचा रंग बघावा तर पाय चिखलाने माखलेले. पक्षी ओळखायच्या ॲपला एक फोटो दिला तर ते हिरवी तुतारी म्हणालं, दुसरा दिला तर ठिपकेवाली, म्हणजे वेगळीच जात. दहा सेकंदांत पक्षी बदलला की काय!

त्यातल्या त्यात बरे चार फोटो जोडलेत. उडतानाचे तीन आहेत, पण नुसते पुसट डाग. ते उडवून टाकणार आहे.

चोचवाला
ताई, थांबा! तेच तीन आधी टाका.

जुना_खोडकर
+१. आणि आता जरा कॅमेऱ्याबद्दल, कारण या चुका मी तीन वर्षं केल्या आहेत.

तुमचा फोकस चुकलेला नाही, हात हलला नाही. हवा हलत होती. तापलेल्या चिखलावरून गरम हवा वर चढते, वेगवेगळ्या तापमानाच्या थरांतून प्रकाश वाकत येतो, आणि झूम जितका जास्त तितकं ते थरथरणंही मोठं होऊन दिसतं. ट्रायपॉड याला काही करू शकत नाही. उन्हं चढायच्या आत जा, नाहीतर जवळ जा. जवळ म्हणजे पक्ष्याच्या अंगावर नव्हे. तो खाणं थांबवून मान ताठ करून तुमच्याकडे बघू लागला की तिथेच थांबायचं.

दुसरं, २००० मिमीला दृश्यकोन जेमतेम एक अंश. ५० मीटरवर तुमच्या फ्रेमची रुंदी ९० सेंटिमीटर. उडालेला पक्षी त्यात सापडणार कसा? लेन्सच्या बाजूला एक बटण आहे. ते दाबून धरलं की झूम तात्पुरता मागे येतो, सोडलं की परत जागेवर. डिजिटल झूम मात्र मेनूत जाऊन कायमचा बंद करा. तो फक्त डाग मोठे करतो.

पाणकाठ
टाकले तिन्ही. हसू नका.

रानवाट
शेपटीच्या मुळाशी स्वच्छ पांढरं दिसतंय. म्हणजे हिरवी. विषय संपला.

चोचवाला
नाही संपला. पांढरं कंबरडं ठिपकेवालीलाही असतं. त्यावरून फार तर सामान्य तुतारी बाद होते, आणि ती ताईंनी आधीच बाद केली आहे. बघायचं ते पंखाखाली. हिरवीचा पंख खालून जवळजवळ काळा, ठिपकेवालीचा फिकट. दुसऱ्या फोटोत पंख वर उचललेला आहे आणि खालची बाजू गडद आहे.

जुना_खोडकर
मान्य, पण एक शंका. मागे आकाश असलं की कुठल्याही पक्ष्याचा पंख खालून काळाच दिसतो. कॅमेरा उजेड आकाशावरून मोजतो. या पायी मी एकदा कबुतराला शिकारी पक्षी ठरवून बसलो होतो.

चोचवाला
म्हणून पोट बघा. त्याच फोटोत, त्याच सावलीत पोट पांढरंच राहिलंय. उजेडाचा दोष असता तर तेही काळवंडलं असतं. शिवाय बसलेल्या पहिल्या फोटोत भुवईची पांढरी रेघ डोळ्यापाशी संपते. ठिपकेवालीची डोळ्यामागे लांब जाते. पाठीवरचे ठिपकेही बारीक आहेत, ठिपकेवालीचे चांगले ठसठशीत असतात. माझं मत हिरवी.

ताई, उडताना ओरडली का? हिरवीचा आवाज मोठा, खणखणीत, ट्लुई-विट-विट असा. ठिपकेवाली कोरडं चिफ-इफ-इफ करते.

पाणकाठ
ओरडली, आणि चांगली जोरात. पण माझं सगळं लक्ष स्क्रीनमध्ये. नुसती वही हातात असती तर आवाज नक्की टिपला असता, याचंच वाईट वाटतंय.

वहीत हिरवी तुतारी लिहिलं, आवाजाचा रकाना रिकामा ठेवला.

आणि खोडकरदादा, ते बटण सापडलं. दोन महिने मी त्याला फ्लॅशचं समजत होते.